एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ प्लेअर होम थिएटरला जोडणे: कुठली वायर, कुठलं सेटिंग, कुठे अडतं

तारसप्तक (धागाकर्ता)

एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि डीव्हीडी-ऑडिओ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या, बहुचॅनेल आवाज देणाऱ्या डिस्क, मला होम थिएटरवर ऐकायच्या आहेत. जोडणी अशी आहे. युनिव्हर्सल प्लेअर (या सगळ्या डिस्क वाजवणारा), मागे एचडीएमआय, ऑप्टिकल आणि सहा आरसीए (गोल ॲनालॉग पिना) आउट. रिसीव्हर ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा), त्याला एचडीएमआय इन आहे आणि 'मल्टी चॅनेल इन' नावाच्या सहा आरसीए पिनाही आहेत. पुढचे दोन फ्लोअरस्टँडर, सेंटर आणि मागचे दोन छोटे बुकशेल्फ, एक सबवूफर. सध्या फक्त ऑप्टिकल लावली आहे. सीडी नीट वाजते. एसएसीडी लावली की प्लेअरवर वेळ पुढे सरकते, पण आवाज शून्य. डीव्हीडी-ऑडिओ लावली तर पाचही स्पीकर वाजतात, मात्र रिसीव्हरवर 'डॉल्बी डिजिटल' दिसतं.

१. ऑप्टिकलवरून हे फॉरमॅट जातच नाहीत का?
२. एचडीएमआय की सहा आरसीए?
३. स्पीकरचे आकार, अंतर वगैरे प्लेअरमध्ये भरायचे की रिसीव्हरमध्ये?

---

मंद्र

पहिल्याचं उत्तर: नाही जात. जागाही नाही आणि परवानगीही नाही.

आधी जागा. ऑप्टिकल आणि कोॲक्सियल या दोन्हींवर दोनच चॅनेलचं कच्चं पीसीएम (न आवळलेला साधा डिजिटल आवाज) जातं, नाहीतर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारखं आवळलेलं ५.१. एसएसीडीचा डीएसडी म्हणजे दर चॅनेलला सेकंदाला २८,२२,४०० नमुने, प्रत्येकी १ बिट. सहा चॅनेल धरले तर साधारण १७ मेगाबिट. डीव्हीडी-ऑडिओचं २४ बिट/९६ किलोहर्ट्झ सहा चॅनेल उलगडल्यावर १३.८ मेगाबिट होतं. हे खुद्द डिस्कलाही झेपत नव्हतं, तिची कमाल मर्यादा ९.६ मेगाबिट. म्हणून तर एमएलपी नावाचं, एकही बिट न गमावणारं पॅकिंग वापरलं. ऑप्टिकलवर २४/९६ स्टिरिओचे ४.६ मेगाबिट गेले तरी पुष्कळ.

परवानगीचं म्हणाल तर या दोन्ही फॉरमॅटच्या मालकांना कॉपी होण्याची धास्ती होती. एसएसीडीचा थर वाजत असताना ऑप्टिकल आउट मुद्दाम बंद ठेवलेला असतो. तुमचं शून्य तिथून येतं, प्लेअर बिघडलेला नाही. हायब्रिड डिस्क (एसएसीडी आणि साधी सीडी असे दोन थर असलेली) असेल तर प्लेअरमध्ये 'सीडी थर' निवडून बघा, ऑप्टिकलवर लगेच वाजेल. अर्थात मग ती नुसती सीडीच झाली.

डीव्हीडी-ऑडिओवर 'डॉल्बी डिजिटल' दिसतंय म्हणजे तुम्ही डिस्कचा व्हिडिओवाला भाग ऐकताय. बहुतेक डिस्कवर दोन कप्पे असतात: खरा ऑडिओ विभाग, आणि साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालावं म्हणून ठेवलेला डॉल्बी किंवा डीटीएसचा. प्लेअरच्या मेनूत 'डीव्हीडी-ऑडिओ मोड' शोधा. तिथे 'डीव्हीडी-व्हिडिओ' निवडलेलं असणार.

---

वायरवाला

दुसऱ्याचं उत्तर: दोन्ही टोकांना एचडीएमआय असेल तर एचडीएमआय. एक वायर, आणि बेसची वाटणी (छोट्या स्पीकरांचा बेस सबकडे वळवणं), अंतर, रूम करेक्शन (खोलीनुसार आवाज दुरुस्त करणं) सगळं रिसीव्हरमध्ये एकाच ठिकाणी.

मात्र रिसीव्हर कुठल्या पिढीचा आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. डीव्हीडी-ऑडिओची सोय एचडीएमआय १.१ मध्ये (२००४) आली, डीएसडीची १.२ मध्ये (२००५). १.३ पासून (२००६) डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ न उलगडता पाठवता येतात, ते ब्लू-रे ऑडिओ डिस्कसाठी. नुसत्या आवृत्तीवरही विसंबू नका. रिसीव्हर १.३ चा आहे म्हणून डीएसडी घेईलच असं नाही, ती सोय ऐच्छिक असते. तांत्रिक माहितीच्या पानावर 'डीएसडी' किंवा 'एसएसीडी' शब्द हवा. नसेल तरी अडत नाही, प्लेअरकडून पीसीएम मागवायचं. काही जुन्या रिसीव्हरांत एचडीएमआय फक्त चित्र आरपार सोडायला असतं, आवाज आत घेतच नाही. तसा निघाला तर सरळ सहा आरसीए.

क्रम असा:

१. प्लेअरची एचडीएमआय थेट रिसीव्हरला. टीव्हीत घालून एआरसीने (टीव्हीकडून रिसीव्हरला आवाज परत पाठवायची एचडीएमआयची सोय) परत आणायची नाही. एआरसीवर बहुचॅनेल पीसीएम जात नाही. ई-एआरसीवर जातं, पण मधला टीव्ही काय पुढे सोडेल याचा भरवसा नसतो, डीएसडीचा तर नाहीच.

२. प्लेअरचं व्हिडिओ रिझोल्यूशन ७२०पी किंवा त्याहून वर. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. एचडीएमआयमध्ये आवाजाला स्वतंत्र तार नाही, चित्राच्या ओळींमधल्या रिकाम्या जागेत तो बसवलेला असतो. चित्र ४८०पी किंवा ५७६पी असेल तर ती जागा इतकी कमी की बहुचॅनेल आवाज ४८ किलोहर्ट्झच्या वर मावत नाही. मग प्लेअर गुपचूप दर्जा उतरवतो किंवा स्टिरिओ पाठवतो. टीव्ही बंद असला तरी हा नियम लागू.

३. एचडीएमआय ऑडिओ 'ऑटो' किंवा 'पीसीएम'. डीव्हीडी-ऑडिओचं एमएलपी प्लेअरच उलगडतो आणि पीसीएम म्हणून पाठवतो, तिथे बिटस्ट्रीमच्या (न उलगडता पाठवण्याच्या) मागे लागू नका.

४. एसएसीडीला 'मल्टीचॅनेल' प्राधान्य. बऱ्याच प्लेअरांत कारखान्यातून 'स्टिरिओ' येतं. सोनीच्या प्लेअरांत थर आणि चॅनेल अशी दोन वेगळी सेटिंगं आहेत, दोन्ही तपासा.

५. डिस्क लावून रिसीव्हरचा इन्फो किंवा स्टेटस पाहा. 'डीएसडी' दिसेल, नाहीतर 'पीसीएम ८८.२' किंवा 'पीसीएम ९६' आणि शेजारी ३/२.१. पुढचे ३, मागचे २, एक एलएफई (फक्त खालच्या स्वरांचा वेगळा चॅनेल, '.१' म्हणजे तोच). ४८ किंवा २/० दिसलं तर वरच्या चारपैकी काहीतरी राहिलंय.

---

गोठ्यातला बैल

डीएसडी की पीसीएम? आमच्या गटात यावरून भांडणं होतात.

---

मंद्र

भांडण बहुतेक वेळा पोकळ असतं. रिसीव्हरने बेसची वाटणी किंवा रूम करेक्शन करायचं म्हटलं की त्याला आतल्या आत डीएसडीचं पीसीएम करावंच लागतं. १ बिटच्या प्रवाहावर ती गणितं सरळ होत नाहीत. म्हणजे रूपांतर होणारच, फक्त कुठल्या खोक्यात एवढाच प्रश्न. ओप्पोचे प्लेअर एचडीएमआयवर ८८.२ किलोहर्ट्झ/२४ बिट पीसीएम देतात, ते उत्तम आहे. माझं मत: रिसीव्हर डीएसडी घेत असेल तर दोन्ही लावून पाहा आणि ज्यात ट्रॅक बदलताना टक्-टक् येत नाही किंवा पहिला अर्धा सेकंद खाल्ला जात नाही ते ठेवा. हा फरक खराच ऐकू येतो.

एसएसीडीचा आवाज सीडीपेक्षा कमी वाटेल. तिथे ० डीबीची खूण १ बिट प्रवाहाच्या ५० टक्के मॉड्युलेशनवर धरतात, म्हणून पीसीएम केल्यावर पातळी ६ डीबी खाली येते. काही प्लेअरांत '+६ डीबी' असा पर्याय असतो. नसेल तर व्हॉल्यूम वाढवा, काही बिघडलेलं नाही. दोन फॉरमॅटची तुलना करायची असेल तर मात्र आधी पातळी जुळवा. मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो.

---

शुद्धस्वर

रिसीव्हर 'प्युअर डायरेक्ट'वर (आवाजावरची सगळी प्रक्रिया बंद करणारा मोड) टाका आणि ऐका. या सगळ्या करेक्शनने मूळ संगीताची वाट लागते.

---

वायरवाला

@शुद्धस्वर, पाचही स्पीकर फुल-रेंज असतील तर पटेल. धागाकर्त्यांचे मागचे आणि सेंटर छोटे बुकशेल्फ आहेत. डायरेक्टमध्ये बऱ्याच रिसीव्हरांत बेसची वाटणी बंद होते. डिस्कवर मागच्या चॅनेलला ऑर्गन किंवा बेस गिटार पूर्ण खोलीची असू शकते, कारण संगीताच्या मिक्समध्ये पाचही चॅनेल सारखेच वागवतात, सिनेमासारखे मागचे नुसते पावसापुरते नसतात. तो बेस ४ इंची ड्रायव्हरकडे गेला की एक तर फाटतो, नाहीतर हरवतो. सबकडे फक्त एलएफई जाईल, आणि कित्येक संगीत डिस्कवर एलएफई रिकामाच असतो.

रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये छोटे स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झपासून सुरुवात. स्पीकर फारच छोटे असतील तर १००-१२०.

---

शुद्धस्वर

छोट्या स्पीकरांचं मान्य. माझा मुद्दा मोठ्या पाच स्पीकरांसाठी होता.

---

खर्ज_प्रेमी

आमच्याकडच्या रिसीव्हरला एचडीएमआय नाहीच. ॲम्प दणकट आहे, बदलायचा नाही. सहा आरसीएने जोडायचं तर कसं?

---

मंद्र

यावर सविस्तर लिहितो, कारण जास्त चुका इथेच होतात.

वायर: तीन जोड्या साध्या शील्डेड स्टिरिओ आरसीए, सगळ्या एकाच लांबीच्या, १ ते १.५ मीटर. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी ठीकठाक वायर पुरते, सोन्याच्या मुलाम्याला भुलू नका. पिन घट्ट बसते का तेवढं बघा. प्रत्येक टोकाला कागदी टेपने नाव चिकटवा. सेंटर आणि सब अदलाबदल ही नेहमीची चूक, कारण त्या दोन पिना शेजारी असतात आणि जोडीतल्या लाल-पांढऱ्याचा तिथे काही अर्थ उरत नाही. गायकाचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा सबमधून आला की समजा तेच झालंय.

रिसीव्हरवर 'मल्टी चॅनेल इन', 'एक्स्ट इन', '६ चॅनेल इनपुट' असं काही नाव असेल. डीव्हीडीचं बटण दाबून ते आपोआप निवडलं जात नाही, वेगळं निवडावं लागतं. पिना ७.१ च्या असतील तर सराउंड बॅकच्या दोन रिकाम्या ठेवा आणि प्लेअर ५.१ वर ठेवा. नाहीतर मागचा आवाज चार पिनांत वाटला जाऊन अर्धा गायब होतो.

आता धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न. या पिनांतून आलेला आवाज बहुतेक रिसीव्हरांत थेट व्हॉल्यूम कंट्रोलकडे जातो. रिसीव्हरमध्ये भरलेलं अंतर, स्मॉल/लार्ज, करेक्शन काहीच लागू होत नाही. म्हणून इथे ते प्लेअरमध्ये भरायचं. एचडीएमआयला याच्या उलट: रिसीव्हरमध्ये भरायचं आणि प्लेअरमध्ये सगळे लार्ज, सब 'आहे', पातळी शून्य. दोन्हीकडे भरलं तर काही प्लेअरांत बेस दोनदा कापला जातो आणि ८० च्या आसपास खड्डा पडतो.

अंतर फुटपट्टीने मोजा. ३४ सेंटीमीटरला १ मिलिसेकंद धरा. प्लेअरमध्ये अंतराची सोय एसएसीडीला लागू होत नसेल (जुन्या प्लेअरांत असं असतं, डीएसडी थेट ॲनालॉग होतो आणि वाटेत काहीच करता येत नाही) तर दोन उपाय. एक, प्लेअरमध्ये एसएसीडीला 'पीसीएम रूपांतर' असेल तर चालू करा, मग बेसची वाटणीही होते. दोन, खुर्चीपासून पाचही स्पीकर समान अंतरावर ठेवा. समोरचे मध्यरेषेपासून ३०-३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे जवळजवळ कानाच्या रेषेत, किंचित मागे. पाठीमागच्या भिंतीवर नव्हे. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटवलेला असतो, तो दोन फूट पुढे ओढलात तर वायरवर खर्च करण्यापेक्षा जास्त फायदा.

पातळी जुळवताना रिसीव्हरचा टेस्ट टोन वापरू नका. तो रिसीव्हरच्या पोटातच तयार होतो, या सहा वायरींतून जातच नाही. प्लेअरचा टोन वापरा. आवाज मोजायचा मीटर 'सी-वेटिंग' आणि 'स्लो' सेटिंगवर, कानाच्या उंचीवर, प्रत्येक चॅनेल ७५ डीबी. फोनवरचं ॲप पाच स्पीकरांची आपसात तुलना करायला चालतं, सबसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, फोनचा माइक खालच्या स्वरांत आंधळा असतो.

---

वायरवाला

सबबद्दल पुरवणी. एलएफई चॅनेल बाकीच्यांपेक्षा १० डीबी जास्त वाजावा असा संकेत आहे. डॉल्बी/डीटीएस रिसीव्हरने उलगडलं तर तो हे करतो. ॲनालॉग सहा पिनांवर मात्र बरेच प्लेअर हे १० डीबी देत नाहीत, कारण सब-पिनवर सिग्नल फाटण्याची भीती. काही प्लेअर इतर चॅनेलचा बेस त्यात मिसळताना आणखी ५ डीबी खाली आणतात. म्हणून काही रिसीव्हरांत या इनपुटसाठी सब लेव्हल ०, ५, १०, १५ अशी वेगळी निवड दिलेली असते.

किती लागतं ते अंदाजाने ठरवू नका. ज्या डीव्हीडीवर एलएफईचा टेस्ट टोन डॉल्बी डिजिटलमध्ये आहे ती घ्या. आधी ऑप्टिकलवरून वाजवा, रिसीव्हरला उलगडू द्या, मीटर वाचा. मग तोच टोन प्लेअरला उलगडायला लावून सहा पिनांवरून वाजवा, पुढच्या डाव्या-उजव्याची पातळी सारखी ठेवून. सबमध्ये जितका फरक येईल तितकं वाढवा. रिसीव्हरमध्ये सोय नसेल तर सबच्या मागचा नॉब, पण मग सिनेमाला ऑप्टिकलवर तो परत खाली करावा लागेल. नॉबवर खडूने दोन खुणा करून ठेवा.

---

नवशिका_८

ऑनलाइन 'एचडीएमआय इन, सहा आरसीए आउट' असे छोटे डबे मिळतात. खर्ज_प्रेमींना तो चालेल का?

---

वायरवाला

प्लेअरलाच ॲनालॉग सहा आउट नसतील तर तोच मार्ग. आजकाल असंच असतं: सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही वाजवतो, पण त्याला ॲनालॉग आउट नाही.

घेताना तीन गोष्टी. डब्याच्या माहितीत 'बहुचॅनेल एलपीसीएम' स्पष्ट लिहिलेलं हवं. कित्येक डबे ५.१ म्हणतात ते फक्त डॉल्बी/डीटीएस उलगडण्यापुरतं, पीसीएम दोनच चॅनेल घेतात. दुसरं, डीएसडी यांना कळत नाही, म्हणून प्लेअरचं डीएसडी आउट बंद करा. तिसरं, ईडीआयडीचा स्विच. जोडलेलं उपकरण 'मला इतके चॅनेल चालतात' असं प्लेअरला सांगतं. डब्याच्या पुढे टीव्ही असेल आणि स्विच 'पास' किंवा 'टीव्ही'वर असेल तर टीव्ही म्हणतो दोन, आणि प्लेअर सगळं स्टिरिओ करून पाठवतो. स्विच ५.१ किंवा ७.१ वर ठेवा, मग डबा आणि प्लेअर दोघांची वीज बंद करून आधी डबा, नंतर प्लेअर चालू करा. ही बोलणी सुरुवातीलाच होतात.

अंतर आणि बेसची वाटणी अशा डब्यात सहसा नसते. बेसची वाटणी प्लेअरही एचडीएमआयवर करत नसेल तर मोठे स्पीकर असलेल्यांनीच यात पडावं.

---

पैलतीर

अमेरिकेतून जुना मल्टीचॅनेल एसएसीडी प्लेअर पुण्याला आणायचा विचार आहे. रीजन कोडची अडचण येते का?

---

मंद्र

एसएसीडीला रीजन कोड नसतो. अडचण विजेची. मागच्या पाटीवर '१००-२४० व्होल्ट' असेल तर फक्त पिन बदला. नुसतं '१२० व्होल्ट' असेल तर आपल्या २३० वर लावलात की ट्रान्सफॉर्मर किंवा पॉवर सप्लाय जळणार. अशांना २३० ते ११० चा तांब्याच्या गुंडाळीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. प्लेअर २५-३० वॅट खातो, १०० व्हीएचा पुरतो. इस्त्री-हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर लावू नका, त्यांची तुटक वीज ऑडिओ उपकरणाला मानवत नाही.

आणि घेण्याआधी मागची बाजू मोजा. 'एसएसीडी' लिहिलं म्हणजे बहुचॅनेल असं नाही. डेनॉनचा डीसीडी-१७००एनई घ्या, एसएसीडी उत्तम वाजवतो पण दोनच चॅनेलचा. मागे दोनच आरसीए आणि एचडीएमआय नाही, म्हणजे तो स्टिरिओ, किंमत काहीही असो. आयलिंक किंवा डेनॉन लिंकची (प्लेअर-रिसीव्हर जोडायच्या जुन्या डिजिटल सोयी) पिन पाहून खूश होऊ नका. समोरच्या रिसीव्हरलाही नेमकी तीच सोय, तीच आवृत्ती लागते, आणि ती जोडी आता जमवणं कटकटीचं आहे.

---

तारसप्तक

सगळ्यांचे आभार. सद्यस्थिती: एचडीएमआय लावली, रिझोल्यूशन ५७६पी होतं ते १०८०पी केलं. एसएसीडीला आता 'पीसीएम ८८.२' दिसतं. डीव्हीडी-ऑडिओ मोड बदलल्यावर 'पीसीएम ९६, ३/२.१'. दोन शंका राहिल्या. एका एसएसीडीवर सेंटर आणि सब दोन्ही गप्प आहेत. आणि डीव्हीडी-ऑडिओ टीव्ही बंद ठेवून लावली की कधीकधी स्टिरिओच सुरू होते.

---

मंद्र

आधी डिस्कचं कव्हर उलटून बघा. ४.० किंवा 'क्वाड' लिहिलं असेल तर १९७० च्या दशकातलं चार चॅनेलचं रेकॉर्डिंग आहे, त्यात सेंटर आणि एलएफई नसतातच. पेंटाटोनची आरक्यूआर मालिका तशीच, फिलिप्सच्या जुन्या क्वाड टेपांवरून केलेली. पाश्चात्त्य शास्त्रीयच्या बऱ्याच डिस्क ५.०, त्यात सब फक्त स्मॉल स्पीकरांचा बेस वाजवेल. एमडीजी या जर्मन कंपनीच्या '२+२+२' डिस्क आणखी वेगळ्या: तिथे सेंटर आणि एलएफईच्या जागी पुढच्या उंचावरच्या दोन स्पीकरांचा आवाज भरलेला असतो. त्या वाजवताना सेंटर आणि सब बंद करणं बरं.

मात्र ही डिस्क चार चॅनेलची असून सब पूर्ण गप्प असेल तर खटकतं. तुमचे मागचे बुकशेल्फ स्मॉल असतील तर त्यांचा बेस सबला मिळायलाच हवा. रिसीव्हर डायरेक्ट मोडवर राहिलाय का ते पाहा.

---

वायरवाला

किंवा मागचे अजून 'लार्ज' आहेत. काही रिसीव्हरांचं ऑटो कॅलिब्रेशन छोट्या बुकशेल्फलाही लार्ज ठरवतं, कारण खोलीच्या कोपऱ्यात बेस फुगून त्याला जास्त दिसतो. हाताने स्मॉल करा, ८० ठेवा.

टीव्ही बंद असतानाचं: डीव्हीडी-ऑडिओच्या डिस्क गटांमध्ये विभागलेल्या असतात. सहसा एक गट बहुचॅनेल, दुसरा स्टिरिओ, आणि कुठला आधी हे डिस्क बनवणाऱ्याच्या मर्जीवर. रिमोटवर 'ग्रुप' बटण असेल तर १ किंवा २ निवडा. नसेल तर वाजत असताना 'ऑडिओ' बटण एकदा दाबा. एकदा टीव्ही लावून मेनूतून बघून घ्या आणि कुठल्या डिस्कवर कुठला गट ते कव्हरच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा. बटण दाबूनही २/० राहिलं तर रिझोल्यूशन 'ऑटो'वर आहे का बघा. टीव्ही बंद केल्यावर काही प्लेअर आपणहून ५७६पी वर घसरतात. 'ऑटो' काढून १०८०पी पक्कं करा.

---

तारसप्तक

दोन्ही सापडलं. मागचे लार्ज होते आणि रिझोल्यूशन ऑटोवर.